शंभर टक्के निकाल, पण कितीपैकी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्नाटकाच्या शिक्षण खात्याने बेळगाव जिल्ह्यासाठी घेतलेल्या आढावा बैठकीची कालची बातमी वाचली. यंदा दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा, जिल्हा वरच्या दहांत आणायचा आणि कमी निकालाच्या शाळांना नोटिसा काढायच्या. उद्दिष्ट झकास आहे. ते गाठायचे कसे, हे सांगायला चहापानामुळे वेळ उरला नसावा.

एकच टक्का सगळ्या शाळांना लावताच येत नाही. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या शाळेत दहावीला १२ मुले असली तर एक नापास होताच निकाल ९१.६७ वर येतो, दोन झाली की ८३.३३ वर. शहरातल्या दीडशे मुलांच्या शाळेत तेच दोन नापास झाले तर निकाल ९८.६७. नोटीस कुणाला जाणार ते उघड आहे. नोटिशीची धास्ती बसली की काय होते, हेही कुणाला नवे नाही. अंश वाढत नसेल तर छेद कमी करायचा! कच्चे मूल नववीतच अडवायचे, किंवा ७५ टक्के हजेरीचा नियम नेमका त्याच्याच बाबतीत आठवायचा आणि पालकाला सांगायचे, ‘पुढच्या वर्षी बाहेरून बसवा.’ निकाल वर चढतो आणि पोरगा गवंड्याच्या हाताखाली लागतो.

शिवाय हा टक्का खात्याच्या नियमांनीही हलतो. २०२४ साली परीक्षा केंद्रांत वेबकास्टिंग (कॅमेऱ्यातून थेट देखरेख) आले, निकाल कोसळला, मग ग्रेस मार्क १० टक्क्यांवरून २० टक्के केले. २०२५ ला ते काढून घेतले. यात मुलांना किती येते याचा हिशेब कुठे बसतो?

दहावीची रड खरे तर पाचवीत सुरू होते आणि तिथल्यासाठी कायद्यात सोय आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा शाळा सुधारणा समितीने करायचा असतो. समितीत तीन चतुर्थांश पालक. आता आपल्याकडच्या एका मराठी शाळेचा आराखडा बघा. उद्दिष्ट : गुणवत्ता वाढवणे. कृती : जादा तास. जबाबदारी : सर्व शिक्षक. मुदत : वर्षभर. यातले ‘सर्व शिक्षक’ म्हणजे दोघे, त्यातले एक अतिथी (तात्पुरते नेमलेले), आणि वर्ग पाच. आदल्या वर्षीचा कागदही हाच, फक्त साल बदललेले. मजकूर कन्नडमध्ये, खाली पालकांच्या सह्या मराठीत. वाचून सह्या केल्या असे मानायला फार मोठे मन लागते. मराठी शाळेच्या पालकांना निदान हा एक कागद मराठीत द्यायला खात्याचे काय जाते?

नवे काही शोधायची गरजही नाही. शाळा उघडल्यावर सेतुबंध (मागच्या इयत्तेची उजळणी) होतो, पूर्वपरीक्षा होते, कुणाला काय येत नाही त्याच्या नोंदी होतात. नंतर ती वही कपाटात जाते. उद्दिष्ट त्या वहीतून काढा. पाचवीला ५२ – २७ घातले की बरीच मुले ३५ लिहितात. सातातून दोन, पाचातून दोन. मोठ्यातून लहान वजा करायचे एवढेच डोक्यात असते. ३०४ – १७८ घातले की हीच मुले २७४ लिहितात. याला जादा तास लावून तीच गणिते फळ्यावर पुन्हा उतरवून देण्यात अर्थ नाही. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हातात द्यायचे आणि गठ्ठा सोडायला लावायचे. मग आराखड्यात लिहा : १८ पैकी ७ मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही, दसऱ्याच्या सुट्टीआधी ही संख्या २ वर आणायची, अमुक शिक्षक, रोज २० मिनिटे. वाचनाचेही तसेच. दुसरीच्या पातळीचा, पण पुस्तकाबाहेरचा उतारा द्या, कारण पुस्तकातला धडा मुले पाठ म्हणून दाखवतात. एक मिनिट वाचून घ्या, अडलेले शब्द लिहा, जोडाक्षरांचे वेगळे लिहा. आणि तपासायला शेजारच्या शाळेचा शिक्षक बोलवा. आपल्याच वर्गाला आपणच मार्क दिले की ७ चे २ कागदावर एका दिवसात होतात.

मुदतही तालुका बघून ठरवा. खानापुरात जुलै-ऑगस्टचे दिवस पावसाच्या सुट्टीत जातात. अथणी-कागवाडला कृष्णेचा पूर येतो आणि पुढे ऊसतोड लागली की तोडणी मजुरांची मुले वर्गातून दिसेनाशी होतात. बेळगाव आणि चिकोडी हे दोन शैक्षणिक जिल्हे केले ते एकाच परिपत्रकाच्या दोन झेरॉक्स काढण्यासाठी नव्हे.

जाता जाता आपल्याबद्दलही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या आलेल्यांच्या फोटोंना तुमच्याकडे पानेच्या पाने असतात. जूनमध्ये मराठी शाळांतल्या शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, त्याची तालुकावार यादी एकदा छापा. खाते आपणहून देणार नाही, पण माहिती हक्काचा अर्ज दहा रुपयांत होतो.

आपला,
एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)