निगेटिव्ह म्हणजे काय, तेही छापा!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावरची ती बातमी वाचली आणि हातातला चहा गार झाला. ‘रेबीजची चाचणी निगेटिव्ह, कुटुंबीयांचा जीव भांड्यात’. मथळा झकास आहे. पण चाचणी कसली, रक्ताची की लाळेची, आणि कुत्रा चावल्यावर कितव्या दिवशी केली, यातलं एक अक्षर बातमीत नाही. जागा कमी पडली असेल म्हणावं, तर शेजारीच एका लॅबच्या ‘फुल बॉडी चेकअप’ला पाव पान दिलेलं!

एवढं चिडायला कारण आहे. गेल्या श्रावणात चाळीतलंच एक पिल्लू माझ्या नातवाच्या पोटरीला चावलं. रक्त आलं. मोरीत नळाखाली बसवून पंधरा मिनिटं साबणानं जखम मीच धुतली, पोरगं किंचाळून चाळ डोक्यावर घेत होतं. मग रुग्णालयात जखमेत सीरम (तयार प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारे रक्तातले घटक), दंडात लस आणि केसपेपरवर ०, ३, ७, २८ असे डोसाच्या दिवसांचे आकडे. तिसऱ्या दिवसाचा डोसही वेळेवर झाला. इथवर सगळं ठीक.

पुढे आमच्या जावईबापूंना ‘खात्री करून घ्यायची’ हुक्की आली. मोबाइलवर बुकिंग केलं, पाचव्या दिवशी घरी माणूस येऊन पोराचं रक्त काढून गेला. दोन हजाराला थोडे कमी मोजले. रिपोर्टात ‘०.५ पेक्षा कमी’ आणि पुढे ठळक अक्षरांत ‘निगेटिव्ह’. लॅबवाला फोनवर म्हणाला, टेन्शन घेऊ नका. घरच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस, संध्याकाळी पेढे. आणि सातव्या दिवशी जावईबापू म्हणतात, “आई, आता कशाला? त्याची युनिट टेस्ट आहे.”

मी ऐकलं नाही. युनिट टेस्ट गेली खड्ड्यात, पोराला ओढत नेलं. तिथल्या सिस्टरनं चष्मा कपाळावर सरकवून तो कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, “आजी, हा रोगाचा कागदच नाही. लसीनं अंगात ताकद किती आली ते मोजलंय यात. पाचव्या दिवशी काय दिसणार?” म्हणजे ज्या निगेटिव्हचे आम्ही पेढे खाल्ले, त्याचा अर्थ पोराला अजून पुरतं संरक्षण नाही, असा होता! पिल्लू दहा दिवसांनंतरही ठणठणीत राहिलं, हे आमचं नशीब. त्यात रिपोर्टाचं श्रेय नाही.

तेव्हापासून भेटेल त्या डॉक्टरला विचारत सुटले. हा विषाणू रक्तातून फिरत नाही, चावल्या जागेपासून मज्जातंतूंच्या वाटेनं मेंदूकडे चालत जातो. त्यामुळे लक्षणं दिसायच्या आधी ‘रेबीज झालाय का’ हे सांगणारी चाचणीच नाही, पैसे कितीही मोजा. लक्षणं दिसल्यावर लाळ, पाठीच्या कण्यातलं पाणी आणि मानेमागची, केसांच्या मुळांसकट काढलेली चिमूटभर कातडी तपासतात. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत, हे काम होतं. लाळेत विषाणू कधी सापडतो, कधी नाही, म्हणून नमुना पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. रक्तातली प्रतिपिंडं तर बऱ्याचदा आजार पुढे गेल्यावर उगवतात. एका निगेटिव्हवर निकाल लागत नाही. ‘रेबीज नाहीच’ असा खात्रीचा निकाल मेंदूच्या तुकड्यावर, तोही माणूस गेल्यावर.

पाण्याला घाबरणारा रोगी डॉक्टर नजरेनं ओळखतात. गोची होते ती नुसते पाय लुळे पडत जाणाऱ्या रोग्याची. ते दिसतं गिया-बारे या मज्जातंतूंच्या दुसऱ्याच आजारासारखं, कुत्र्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. तिथे या तपासण्यांचा उपयोग. रोग्याला नव्हे, कारण लक्षणं दिसल्यावर जवळपास कुणी वाचत नाही; पण त्याची लाळ ज्यांच्या जखमेला, डोळ्याला लागली असेल, त्यांना लस द्यायची हे कळायला. आपल्या ‘जीव भांड्यात’ पडलेल्या कुटुंबाला हे कुणी सांगितलं का, एवढं बातमीदारानं विचारायचं होतं.

आणि मागे आपल्याच पुरवणीत ‘पोटातली १४ इंजेक्शनं’ असंही छापून आलं होतं. ती लस आपल्याकडे बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. हल्ली टोचतात ती दंडात. नातवाला विचारा, हुंदका न देता दाखवेल.

पत्र कापलंत तरी चालेल, पण सिस्टरचं वाक्य ठेवा.

आपली,
एक जुनी वाचक, लालबाग, मुंबई

ता. क. : रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर सोमवारी छापायचं सोडलंत का? दोन आठवडे उभे ९ अडलंय.