दिशा ठरायला वेळ द्यावा

बारावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याकडच्या घरांत मुलाने आयुष्याची दिशा त्याच आठवड्यात सांगावी असा आग्रह सुरू होतो, आणि ज्याला ती सांगता येत नाही तो भरकटलेला ठरतो, हे मला अन्यायाचे वाटते. जळगाव जिल्ह्यातल्या वाकोदच्या भवरलाल जैन यांनी, म्हणजे जैन इरिगेशन या कंपनीच्या संस्थापकांनी, सरकारी अधिकारपदाची संधी नाकारून १९६३ मध्ये रॉकेलविक्री सुरू केली. पुढे पपईच्या चिकापासून पपेन हे विकर (एन्झाइम), मग पीव्हीसी पाइप आणि त्यानंतर ठिबक सिंचन, असा हा प्रवास आधी आखून ठेवलेला नव्हता. कर्ज काढून शिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याची घाई मला समजते. तरीही २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पदवी मध्येच थांबवून पुन्हा परतण्याची मुभा दिली असताना, पालकांनी मुलांना काही काळ निरनिराळी कामे करून पाहू द्यावीत.

– एक पालक, चाळीसगाव