चालू आहे की बंद, असं आई विचारते

आदरणीय सर,

माझा लॅपटॉप दुरुस्त करून तुम्ही पैसे घेतले नाहीत, म्हणून हे पत्र.

बेळगावच्या शहापुरातल्या घरी बसून मी कन्नड कागदांचं मराठी करून देते. जमिनीचे उतारे, नोटिसा, दाखले. खेड्यातली माणसं येतात, कागदावर आपलं नाव कुठं आहे एवढंच विचारतात. ते सगळं काम या एका लॅपटॉपवर. मार्चपासून तो इतका तापायचा की मांडीवर उशी घेऊनही बसवत नव्हतं.

दोन दुकानं फिरले. एकानं "विंडोजऐवजी लिनक्स घातलंय, तापणारच" म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं मशीन आत नेलं, तासाभरानं आणून दिलं, साडेसातशे घेतले. काय केलंत विचारलं तर "तुम्हाला कळायचं नाही." रात्री पुन्हा तेच. पैशापेक्षा ते वाक्य लागलं.

तुम्ही आधी तळहात ठेवलात. "भाळ बिसी ऐत्री," फार तापलंय, असं कन्नडमध्ये म्हणालात आणि मशीन माझ्याकडेच वळवलंत. सगळं मला टाइप करायला लावलंत. तापमान दाखवणारी 'सेन्सर्स' ही कमांड लिहिली तर 93 अंश! प्रोसेसर 'परफॉर्मन्स'वर, म्हणजे वेगालाच प्राधान्य देणाऱ्या सेटिंगवर ठेवलेला, टर्बो म्हणजे जादा वेग सदा तयार. उतारावरही ॲक्सिलरेटर पिळून धरल्यासारखं, असं तुम्ही सांगितलंत. वेग थोडा वाढवायला व्होल्टेजही वाढतं, म्हणून उष्णता त्याहून जास्त वाढते, हे मला पहिल्यांदा कुणी समजावलं. टीएलपी हे वीज वाचवणारं सॉफ्टवेअर घातलं, चार्जरवर टर्बो बंद केला. आता त्याच कामाला 66 अंश.

पण सर, मला आठवतो तो कागद. काही बदलण्याआधी तुम्ही जुनं सेटिंग पेन्सिलीनं लिहून ठेवत होता. आणि शेजारी, माझ्यासाठी, देवनागरीत: 'पहिले असे होते'. 'ळ' नीट येईना म्हणून 'वेळ' खोडून दोनदा लिहिलात. "नको वाटलं तर परत असंच करा ताई, मशीन तुमचं आहे." तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. 1956 पासून आपल्याकडं कुठली पाटी कुठल्या भाषेत यावर भांडण चाललंय, आणि तुम्ही माझ्या अक्षरांत लिहायला थांबलात. शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात. समोरच्याला कमी न लेखता शिकवणारी फार थोडी.

पंख्याचा आवाज गेल्यापासून आई दारातून दोनदा तरी विचारते, "चालू आहे न्हवं?"

शनिवारी गोड म्हणून कुंदा घेऊन येते. तो तरी नको म्हणू नका.

तुमची,
उतारेवाली ताई