इंट्रानेट : शुक्रवारपर्यंत आपापली पानं तपासा

विभाग प्रतिनिधींनो, नमस्कार.

जुन्या इंट्रानेटवरचा (म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत साइटवरचा) मजकूर सोमवारपासून मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटवरच्या नव्या साइटवर हलवतोय. त्याआधी शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत यादीत प्रत्येक पानासमोर ‘ठेवा’, ‘सुधारा’ किंवा ‘काढा’ एवढंच लिहा.

काल ‘रजा अर्ज’ शोधला तर तीन फाइली निघाल्या: ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ आणि ‘अंतिम २’. चालू कोणती, हे एचआरलाही पटकन सांगता येईना! यापुढे एकच फाइल ठेवा आणि तिच्यातच बदल करा. जुन्या आवृत्त्या व्हर्जन हिस्टरीत राहतातच. मेलवर फाइल जोडू नका, लिंक पाठवा.

प्रत्येक पानाला मालक हवा, तोही नावानिशी. ‘अ‍ॅडमिन टीम’ चालणार नाही. (बदली झाली की नाव बदलायचं, हे सांगायला नको, तरी सांगतोय.)

परवानग्या मात्र नीट बघा. सर्च ज्याला जे उघडता येतं तेच दाखवतो. म्हणजे पगाराची फाइल सगळ्यांना खुली राहिली, तर कँटीनचा मेनू शोधणाऱ्यालाही ती सापडू शकते.

चुकून काही उडालं तर रिसायकल बिनमध्ये ९३ दिवस राहतं. त्याआधी आयटीला कळवा.