फलकावर शिक्षिकेचा खासगी नंबर नको

माननीय संपादक,

प्रवेशाचे दिवस आले की फोंड्यात शाळांचे फलक लागतात आणि त्यांवर शिक्षिकांचे स्वतःचे मोबाईल नंबर असतात. गेल्या वर्षी माझाही होता. व्हॉट्सअॅपला शिगम्यात नऊवारी नेसलेल्या माझ्या लेकीचा फोटो होता. रात्री साडेदहाला अनोळखी नंबरवरून मेसेज आला, "बाई, मुलगी गोड आहे, कितवीत आहे?" विचारणारा सज्जनही असेल, पण मला झोप लागली नाही. फोटो आता फक्त ओळखीच्यांना दिसतो; फलकावरचा नंबर मात्र कुणाकुणाकडे गेला, देव जाणे.

मराठी शाळा टिकायची तर प्रसिद्धी हवीच. शाळेच्या व्हिडिओत मी हौसेने बोलते. पण शाळेची प्रत्येक रील स्वतःच्या स्टेटसवर ठेवायची सक्ती का? तिथे माझं माहेर-सासर आहे. शाळेने वेगळं सिमकार्ड घ्यावं, त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस सुरू करावं. शाळा सुटल्यावर उत्तर आपोआप जाण्याची सोय त्यात आहे, खर्च फक्त सिमचा.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलं. 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आमच्या स्नेहसंमेलनाच्या रीलमध्ये तर वर्गच्या वर्ग नावानिशी दिसतात. यंदाचे फलक छापायला जाण्याआधी व्यवस्थापनांनी शिक्षकांना आणि पालकांना एकदा विचारावं.

– एक प्राथमिक शिक्षिका, फोंडा