मुदत फक्त पाय मोडलेल्या माणसालाच का हो साहेब?

प्रति,
मा. परिवहन मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार. मला पत्र लिहायची सवय नाही, माझं लिखाण म्हणजे दुकानातली उधारीची वही. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे, शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटारी जळाल्या की माझ्याकडे येतात. तुमचा वेळ मौल्यवान आहे हे माहीत आहे, पण परवा शनिवारी, 13 डिसेंबर 2025 ला, माझ्या अपघाताच्या भरपाईच्या दाव्यावर लोकअदालतीत जे झालं त्यानंतर दोन रात्री झोप नाही, म्हणून लिहितोय.

आधी काय झालं ते सांगतो. 11 डिसेंबर 2024, रात्री साडेनऊ-पावणेदहाची वेळ. एका वस्तीवर मोटार बसवून मी मोटारसायकलवरून घरी चाललो होतो. रस्त्यात उसाची डबल ट्रॉली उभी. साईडला नाही, डांबरीवरच, टायर पंक्चर म्हणून. मागे लाल दिवा नाही, रेडियम नाही, दगड नाही, झाडाची फांदीसुद्धा टाकलेली नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा लाईट डोळ्यावर होता, तो गेला आणि पुढच्या सेकंदाला ऊसच. उजवा पाय गुडघ्याखाली दोन जागी, हाड बाहेर. ट्रॅक्टरवरचा पोरगा वीस-एक वर्षांचा असेल, त्याने मला रस्त्याच्या कडेला ओढलं, तोंडात पाणी घातलं आणि मग पळून गेला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या जागी मी असतो तर मी पण पळालो असतो.

दवाखान्यात आधी बाहेरून सापळा लावला, मग रॉड, मग मांडीची कातडी काढून नडगीवर लावली. तीन ऑपरेशनं, बिल 3 लाख 80 हजार. म्हैस गेली, बायकोचे दागिने पतपेढीत गेले ते अजून तिथेच आहेत. आता गंमत बघा. अपघात झालेल्याला सुरुवातीच्या तासात फुकट उपचार द्यायचे हे कायद्यात 2019 साली घातलं. त्याची योजना कधी आली? सुप्रीम कोर्टाने कान उपटल्यावर, 5 मे 2025 ला. दीड लाखापर्यंत, सात दिवस. म्हणजे मला मोडायचीच घाई झाली, पाच महिने दम धरला असता तर दीड लाख वाचले असते. आपल्या राज्यानेही 2020 मध्ये मंत्रिमंडळात पहिल्या 72 तासांची एक अपघात विमा योजना मंजूर केली होती म्हणे. मी होतो त्या दवाखान्यात काउंटरवर विचारलं तर पोरीने माझ्याकडे असं बघितलं जणू मी चंद्रावरचं रेशनकार्ड दाखवतोय.

असो. मुद्द्यावर येतो नाहीतर रडगाणंच होईल.

साडेपाच महिने मी पलंगावर. संडासला पण दोघांनी धरून न्यायचं. आणि त्याच काळात तुमच्या कायद्याचं घड्याळ चालू होतं हे मला कुणी सांगितलं नाही. मोटार वाहन कायद्यात नवीन दुरुस्ती आली, 1 एप्रिल 2022 पासून लागू, की भरपाईचा दावा अपघातापासून 6 महिन्यांच्या आत टाकायचा. मी टाकला ऑगस्टमध्ये, आठव्या महिन्यात, कुबडीवर उभं राहून. का उशीर झाला? कारण वकील म्हणाले एफआयआर, पंचनामा, ट्रॅक्टरची विमा पॉलिसी आणा, आणि ते कागद मिळेपर्यंत माझा भाऊ पोलीस ठाण्यात बारा चकरा मारून आला. साहेब लोक बंदोबस्तात, साहेब रजेवर, झेरॉक्स मशीन बंद.

आता नियम काय म्हणतो ते वकिलांनी मला वाचून दाखवलं, ऐकून माझं डोकंच फिरलं. पोलिसांनी 48 तासांत पहिला अहवाल द्यायचा. 50 दिवसांत दुसरा. 90 दिवसांत पूर्ण अहवाल ट्रिब्युनलला, म्हणजे अपघात भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाला पाठवायचा, आणि तो अहवालच दावा म्हणून धरता येतो, म्हणजे जखमी माणसाने दारोदार फिरायचीच गरज नाही! शिवाय जखमीला दहा दिवसांत त्याचे हक्क काय ते छापलेला कागद हातात द्यायचा. हे सगळं 2022 च्या नियमात आहे. तो कागद मी आजपर्यंत बघितला नाही. असला तर एक झेरॉक्स पाठवा, फ्रेम करून दुकानात लावतो. माझा 90 दिवसांचा अहवाल अकराव्या महिन्यात गेला. पोलिसांना कुणी विचारलं का, की तुमची मुदत संपली, तुम्ही बाद? नाही. विमा कंपनीला कलम 149 ने 30 दिवसांत तडजोडीचा आकडा द्यायचाय म्हणे, तिला कुणी विचारलं का? मुदत पाळायची कुणी, तर ज्याला चालता येत नाही त्याने.

आणि तुमच्याच खात्याचं बघा की. जुन्या गाड्यांना नवीन नंबर प्लेट बसवायची मुदत मार्चअखेर होती, मग एप्रिल, मग जून, मग 15 ऑगस्ट, मग नोव्हेंबर, मग 31 डिसेंबर 2025. पाच वेळा वाढवली! एका पत्र्याच्या तुकड्यासाठी. माझ्या पायाला एकदा तरी? आणि ज्या ट्रॉलीवर मी आदळलो तिला तर नंबर प्लेटच नव्हती, जुनी नाही नि नवी नाही. माझ्या चौदा वर्षं जुन्या मोटारसायकलला हाय सिक्युरिटी प्लेट पाहिजे, आणि दहा-पंधरा टन ऊस घेऊन रात्रीचा रस्ता अडवणाऱ्याला काहीच नको.

माझा दावा मुदतीत नाही म्हणून फेटाळा असं विमा कंपनीने लिहून दिलं होतं. वाचलो कसा, तर गेल्या महिन्यात, नोव्हेंबर 2025 मध्ये, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 6 महिने उलटले या कारणावरून सध्या कुणाचा दावा फेकू नका. अंतरिम आदेश आहे, म्हणजे तलवार डोक्यावर आहेच. कृपा करून हा केंद्राचा विषय आहे असं उत्तर पाठवू नका. दिल्लीत पण तुमचेच आहेत, एक फोन तर लागत असेल.

आता शनिवारचं. आधीच्या तारखेला कंपनीचा माणूस स्वतः म्हणाला होता, लोकअदालतीला या, चांगला आकडा घेऊन येतो, मिटवून टाकू. मी गाडीभाडं करून गेलो, बरोबर बायको, तिच्या डोक्यात दागिने सोडवायचा हिशोब चालू. साडेतीन तास बाकावर बसलो पाय लांब करून, येणारा-जाणारा अडखळतोय आणि मलाच शिव्या. नंबर आला. आकडा काय? 1 लाख 60 हजार. कायद्यात कलम 164 आहे, चूक कुणाची हे न बघता गंभीर जखमीला अडीच लाख. चूक न बघता अडीच, आणि यांनी चूक बघून 1 लाख 60! वर कारणं ऐका. विमा ट्रॅक्टरचा आहे, ट्रॉलीचा नाही. ट्रॅक्टरची नोंद शेतीकामाला आहे आणि तो भाड्याने ऊस वाहत होता. आणि तिसरं कारण, मी हेल्मेट घातलं नव्हतं. साहेब माझा पाय मोडलाय. हेल्मेट पायात घालतात का? नव्हतं घातलं, चूक आहे, दंड करा, भरतो. पण नडगीचं हाड आणि हेल्मेट यांचा संबंध त्या कोट घातलेल्या माणसाने मला समजावून सांगावा.

मग उत्पन्नावर आले. पगारपत्रक आहे का? रिवाइंडिंगवाल्याला पगारपत्रक कोण देणार, शेतकऱ्याची विहीर? म्हणून महिना 8 हजार धरले. सिझनला मी 25 पण कमावलेत, सरासरी 15 धरा. पुतण्याने मोबाईलवर गणित मांडलं, सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलेल्या पद्धतीने: वय 38 म्हणून 15 चा गुणक, म्हणजे 15 वर्षांची कमाई धरायची, 15 हजारांवर पुढची वाढ 40 टक्के, सिव्हिलच्या बोर्डाने दिलेलं अपंगत्व 40 टक्के. 21 हजार गुणिले 12 गुणिले 15, त्याचे 40 टक्के, 15 लाख 12 हजार होतात. दवाखान्याचं बिल वेगळं. आणि खरं बोलायचं तर 40 टक्के हा पण खोटाच आकडा आहे. वाइंडिंगचं काम उकिडवं बसून करायचं असतं, विहिरीत उतरायचं असतं. मला उकिडवं बसता येत नाही. म्हणजे पाय 40 टक्के गेला आणि धंदा सगळा गेला. सुप्रीम कोर्टाने 2010 सालीच सांगून ठेवलंय की पाय किती गेला यापेक्षा माणसाची कमाई किती गेली ते बघा, पण बाकावर बसून कोण कुणाला सांगणार. कंपनीचा माणूस म्हणाला, घ्या आत्ता, नाहीतर चार-पाच वर्षं जातील. धमकी नव्हती हो, प्रेमाने म्हणाला. बायको तिथेच रडली.

कधीकधी वाटतं खड्ड्यात पडलो असतो तर बरं झालं असतं. ऑक्टोबरमध्ये मुंबई हायकोर्टाने खड्ड्यासाठी दर ठरवून दिलेत, मेला तर 6 लाख, जखमीला 50 हजार ते अडीच लाख, आणि तेही सहा-आठ आठवड्यांत. खड्डे आमच्याकडे आहेतच भरपूर, नेमका त्या रात्री चुकवत चाललो होतो.

देशात 2023 मध्ये रस्त्यावर 1 लाख 72 हजारांवर माणसं मेली, हा सरकारचाच आकडा. 2022 च्या मेलेल्यांत शंभरात 44-45 दुचाकीवाले. आपल्या राज्यात वर्षाला 15 हजारांच्या पुढे. यातले उसाच्या ट्रॉलीवर किती, हा आकडा मी शोधतोय, कुठे दिसत नाही. दिसणार कसा? ट्रॅक्टर वाहतूकदाराचा, ट्रॉली दुसऱ्याची, पोरं मुकादमाची, ऊस शेतकऱ्याचा आणि साखर कारखान्याची. अपघात झाला की यातला कुणीच कुणाचा नसतो. कारखाना कुणाचा हे मी लिहीत नाही. चेअरमन कुठल्यातरी पक्षाचे असणारच, आणि हंगामात त्या गाड्या अडवायची कुठल्या आरटीओची हिंमत आहे? आम्ही शेतकऱ्याच्या विरोधात नाही, माझं पोट शेतकऱ्यावरच आहे. पण दर जानेवारीत तुमचं रस्ता सुरक्षा अभियान, हार, फोटो, दोन ट्रॉल्यांना रेडियम चिकटवून बातमी, की झालं. तिसरी ट्रॉली मला भेटते.

मागतोय काय, थोडकंच. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच, तिथेच बघा मागे रेडियम आणि नंबर आहे का, नसला तर ऊस गव्हाणीत घेऊ नका. एका दिवसात सगळे सरळ होतील. पोलिसांनी तो हक्कांचा कागद मराठीत छापून दवाखान्यात पलंगावर आणून द्यावा. आणि 6 महिन्यांची अट काढायला दिल्लीला तुमच्या सहीचं पत्र जावं, ते नसेल जमत तर निदान पोलिसांचा अहवाल जाईपर्यंत जखमीचं घड्याळ सुरू करू नका.

माझी पुढची तारीख जानेवारीत आहे. 1 लाख 60 हजारावर सही केली नाही, बायको दोन दिवस बोलत नाहीये.

काल संध्याकाळी सात ते नऊ दुकानासमोर खुर्ची टाकून मोजत बसलो. 31 ट्रॉल्या गेल्या. मागे रिफ्लेक्टर होता 6 जणांना. एकाला रिफ्लेक्टर नव्हता पण फाळक्यावर रेडियमच्या अक्षरात 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिहिलेलं होतं, ते मात्र लांबूनच चमकत होतं.

आपला,
एक मोटार रिवाइंडिंगवाला
(सध्या बसून)