स्टुटगार्टच्या काकू-काकांना मनापासून थँक्यू

प्रिय काकू आणि काका,

जर्मनमध्ये तुम्हाला डांके म्हणून झालंय, एअरपोर्टवर रडत रडत पण म्हणून झालंय, तरी हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितेय, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते आपल्या लोकांना पण कळायला हवं. तुम्हाला व्हिडिओ कॉलवर एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगेनच.

इथं सांगलीत अजून सगळे विचारतात, त्या लोकांना महिन्याला किती द्यायचे गं राहायचे? मी सांगते की एएफएस या संस्थेच्या स्टुडंट एक्सचेंजमध्ये होस्ट फॅमिलीला काही मिळत नाही, ते स्वतःच्या खुशीनं अनोळखी पोरीला घरात घेतात, जेवूखाऊ घालतात, तर कुणाचा विश्वासच बसत नाही. आईबाबांनाही सुरुवातीला बसला नव्हता, आता मात्र आई येईल जाईल त्याला तुमचे फोटो दाखवत असते.

किचनमध्ये फ्रीजशेजारी तुमचं ते फॅमिली कॅलेंडर होतं ना, प्रत्येकाचा एक उभा कॉलम असलेलं, त्यात मी यायच्या आधीपासूनच माझ्या नावाचा कॉलम होता. आणि पहिल्याच संध्याकाळी तुम्ही घराची किल्ली हातात दिलीत. पाहुण्यांना आपण किल्ली देत नाही, मला त्या क्षणी जरा धीर आला, कारण विमानात बसल्यापासून पोटात नुसता गोळा होता.

पण सगळ्यात जास्त थँक्यू मला म्हणायचंय ते केअरवोखंसाठी. वाचणाऱ्यांना सांगते, त्या भागात बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरावर आठवड्याआठवड्याने साफसफाईची पाळी येते, जिना झाडायचा पुसायचा, बाहेरचा फूटपाथ, कचऱ्याच्या डब्यांजवळची जागा, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला एक पाटी लटकवतात. पार पंधराव्या शतकापासूनची पद्धत आहे म्हणे. आपली पाळी आली तेव्हा काकू तुम्ही मला बाजूला बसवलं नाहीत. बादली दिलीत, कुठली पायरी कशी पुसायची, रेलिंगच्या मागची धूळ कशी काढायची ते दाखवलंत आणि नंतर ती पाटी शेजारच्या आजींच्या दाराला अडकवायला मलाच पाठवलंत. त्या आजी तोपर्यंत माझ्याशी फारसं बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी पाटी घेतली, जिन्याकडे वाकून नीट बघितलं आणि मग मला आत बोलावून केक दिला. त्यानंतर बिल्डिंगमधले सगळे मला नावानं हाक मारायला लागले. तुम्ही मला पाहुणी म्हणून नुसतं जपत बसला असतात ना तर मी वर्षभर पाहुणीच राहिले असते, हे मला तिथून आल्यावर जास्त कळतंय.

आणि बर्फ पडला तेव्हाचं! तिथं सकाळी सातच्या आत फूटपाथ मोकळा करायचा असतो, तर बाहेर मिट्ट काळोख, काका फावड्यानं बर्फ ओढतायत, मी मागून खडी टाकतेय, हाताची बोटं बधिर, आणि तुम्ही मध्येच थांबून माझ्या जॅकेटची चेन वरपर्यंत ओढून दिलीत, काही न बोलता. बाबा पण अगदी असंच करतात.

नोव्हेंबर-डिसेंबर मला जड गेले, ते तुम्हाला माहितीये. साडेचारला सूर्य मावळायचा, संध्याकाळी पाच वाजता सांगलीत रात्रीचे साडेनऊ, म्हणजे मी शाळेतून येऊन टेकेपर्यंत घरचे झोपायच्या तयारीत, आणि मी रोज फोन घेऊन खोलीत बसायला लागले. काकू, तुम्ही फोन बंद कर म्हणाला नाहीत, रागावला नाहीत, फक्त दार वाजवून बूट घाल म्हणालात आणि जंगलातून त्या टीव्ही टॉवरपर्यंत चालत नेलंत. 1956 चा, जगातला पहिला काँक्रीटचा टीव्ही टॉवर वगैरे सगळी माहिती काका देत होते, स्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून सिस्टर सिटी आहेत हेही त्यांनीच सांगितलं, मला त्यातलं निम्मंच समजत होतं पण तुम्ही दोघंही इंग्लिशवर गेला नाहीत, परत परत सावकाश सांगत राहिलात. माझं जर्मन शाळेपेक्षा त्या रस्त्यावर जास्त सुधारलं.

खाण्याचं तर काय सांगू. मी शाकाहारी, म्हणून तुम्ही दुकानात चॉकलेट-गोळ्यांच्या पाकिटांवर पण जिलेटिन आहे का ते चष्मा लावून वाचायचात. रात्री तिकडे थंड ब्रेड-चीजचं जेवण असतं, मला गरम लागतं हे तुम्ही न सांगता ओळखलंत आणि माझ्या ताटाशेजारी सूपचा बाऊल यायला लागला. आणि तुमचं ते मसूर आणि स्पेट्झलं, म्हणजे तिकडचे घरगुती नूडल्स, लाकडी फळीवरून पीठ भराभर उकळत्या पाण्यात खरवडत सोडायचं, सोबतचं सॉसेज माझ्यासाठी वगळून. पहिला घास खाल्ला आणि मला आमच्या इकडच्या ढाब्यावरचा आख्खा मसूर आठवला, फक्त तिखटाऐवजी व्हिनेगरचा आंबटपणा. मग दिवाळीत मी कांदा-लसूण मसाला घालून आपल्या पद्धतीचा केला, काकांच्या डोळ्यातून पाणी आलं तरी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं!

आता एकच मागणं आहे. जानेवारीत या. तेव्हा इकडे ऊन सोसण्यासारखं असतं, हुरड्याचा सीझन असतो, मामांच्या शेतावर जाऊया. आईने वरची खोली आत्ताच रिकामी करून ठेवलीये आणि काकांसाठी कमी तिखटाचा मसाला वेगळा कुटून घेणार आहे. तिकिटं काढली की लगेच कळवा, मुंबईला घ्यायला मी आणि बाबा येतो.

तुमची,
सांगलीची लेक